‘डिले’ म्हणजे नक्की काय, डॉक्टर?

तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एक आई माझ्यासमोर बसली होती. मूल अजून आधाराशिवाय चालत नव्हतं. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती, उजव्या हाताची मूठ आवळलेली होती. फाइल उघडली, तर आत सोळा महिन्यांपूर्वीचा कागद निघाला. अक्षर माझंच. वर लिहिलेलं ‘डिलेड माइलस्टोन्स’ आणि खाली जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या उपचार केंद्रासाठी चिठ्ठी दिल्याची नोंद.

‘‘ताई, तेव्हाच तिकडे दाखवायला सांगितलं होतं ना? गेला नाहीत?’’ मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

‘‘डॉक्टर, तुम्ही डिले आहे म्हणाला होतात,’’ ती म्हणाली. ‘‘गाडी डिले असली तरी येतेच की. सासूबाई म्हणाल्या, ह्याचा बापही उशिराच चालला होता. म्हणून वाट बघितली.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ‘डिले’ हा शब्द आपल्याला रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेनं शिकवला, विमानतळावरच्या फलकानं शिकवला, कुरिअरच्या मेसेजनं शिकवला. या सगळ्या ठिकाणी त्याचा अर्थ एकच असतो : उशिरा, पण येणार. तुम्ही काही करायचं नाही, बाकावर बसून राहायचं. मी वापरलेल्या ‘डिले’चा अर्थ नेमका उलटा होता. मूल अमुक वयात जे करायला हवं ते करत नाही, कारण शोधायला हवं, आणि कारण सापडो न सापडो, व्यायाम आणि उपचार आजपासून सुरू व्हायला हवेत. मला म्हणायचं होतं ‘पळा’, आणि तिनं ऐकलं ‘थांबा’.

त्या दिवसापासून मी दवाखान्यातल्या इंग्रजी शब्दांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. आजार बरा होण्याचे शब्द फारसा घोटाळा करत नाहीत. ‘नॉर्मल’, ‘डिस्चार्ज’, ‘आऊट ऑफ डेंजर’ हे सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो काहीतरी बिघडल्याचे, मागे पडल्याचे, लांबल्याचे शब्द वापरताना. डिले, प्रोग्रेशन, रिलॅप्स, फेल्युअर, डिफॉल्टर. वाईट बातमीचा हा शब्दसंग्रह आपण जसाच्या तसा इंग्रजीतून उचलला आणि मराठी बोलणाऱ्या माणसाच्या हातात कोंबला. त्यातले काही शब्द खोटी आशा लावतात, काही नको इतकी भीती घालतात, तर काही रुग्णालाच गुन्हेगार ठरवतात. तिन्ही प्रकारांत नुकसान होतं आणि ते रुग्णाचं होतं.

आधी खोट्या आशेचे शब्द पाहू. मुलांच्या वाढीत थोडंफार पुढेमागे होतंच, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार मुलं आधाराशिवाय चालायला लागतात ती साधारण ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. आधाराशिवाय बसतात ३.८ ते ९.२ महिन्यांत. म्हणजे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्या महिन्यात, तर काळजीचं कारण नाही. पण त्या खिडकीला शेवट आहे. दीड वर्षाचं मूल चालत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ हे वाक्य बाजूला ठेवून तपासणी करायला हवी. बोलत नाही म्हणून आणलेल्या मुलाला मुळात ऐकूच येत नसतं, असंही निघतं. बाळ वर्षाच्या आतच एकच हात पुढे करायला लागलं, तर घरात ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या हातात ताकद कमी असल्याचं लक्षण असू शकतं. माझ्यासमोरच्या मुलाचं तेच झालं होतं.

घाई का? तर पहिल्या काही वर्षांत मेंदू जितका लवचीक असतो तितका नंतर कधीच नसतो. एक रस्ता बंद असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जायला तो या वयात शिकतो. शिवाय न वापरलेले स्नायू आखडत जातात. आज हलक्या ताणानं सैल होणारा घोटा दोन वर्षांनी पट्ट्या, बूट आणि कदाचित शस्त्रक्रिया मागतो. म्हणूनच २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष, कमतरता आणि बालपणीचे आजार यांच्या जोडीला वाढीतला विलंब हा चौथा स्वतंत्र गट ठेवला आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतात आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे : आईबापांना ‘लवकर या’ हे कळलं पाहिजे. आणि आपण त्यांना सांगतो ‘डिले’.

हा शब्द आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या आधी कागदोपत्री असायचं ‘मेंटल रिटार्डेशन’. ‘रिटार्ड’चा मूळ अर्थही गती कमी करणं, म्हणजे उशीरच. तो शब्द एके काळी सभ्य पर्याय म्हणून आला, कारण त्याआधीचे ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘मोरॉन’ हे डॉक्टरी शब्द शिव्या बनले होते. पुढे ‘रिटार्ड’चीही शिवी झाली. अमेरिकेनं २०१० मध्ये कायदा करून तो शब्द आपल्या केंद्रीय कायद्यांतून काढला. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच तो आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मात्र ‘बौद्धिक अक्षमता’ अशा अर्थाचा शब्द आला. मराठीतल्या ‘मतिमंद’चा प्रवासही तसाच झाला. मंद म्हणजे हळू, इतकाच साधा अर्थ, पण शाळेच्या मैदानावर त्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणून मग आम्ही डॉक्टर मऊ शब्द शोधतो. ‘डिले’ मऊ आहे. कोणाला लागत नाही. पण न लागणारा शब्द हलवतही नाही, हे मात्र विसरतो.

कॅन्सरच्या विभागात तर याहून विचित्र प्रकार आहे. ‘डिसीज प्रोग्रेस झालाय’ हे वाक्य तिथे रोज बोललं जातं. शाळेच्या प्रोग्रेस कार्डवर वाढलेल्या माणसाला यात काय ऐकू येणार? प्रगती! वडिलांच्या स्कॅनचा रिपोर्ट घेऊन ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज लिहिलंय, म्हणजे सुधारणा आहे ना?’ असं विचारणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याला काय सांगावं? पुढे सरकला आहे तो आजार. माणूस मागे पडला आहे.

गाठींच्या कॅन्सरमध्ये या शब्दांमागे चक्क मोजपट्टी असते. स्कॅनमध्ये ठरावीक गाठी निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज केली जाते. सध्या सर्वत्र वापरले जाणारे निकष २००९ चे आहेत. बेरीज ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’. सर्वांत लहान असतानाच्या मापापेक्षा ती २० टक्क्यांनी वाढली (आणि ही वाढ निदान ५ मिलिमीटर असली) किंवा नवी गाठ दिसली, तर ‘प्रोग्रेशन’. या दोन्हींच्या मधलं सगळं ‘स्टेबल’. म्हणजे ‘स्टेबल’ याचा अर्थ ‘आता धोका नाही’ असा नव्हे आणि ‘औषधाचा उपयोग नाही’ असाही नव्हे. आजार होता तेवढाच आहे, इतकंच. पुष्कळदा ती चांगली बातमी असते. पण घरचे लोक ‘काही फरकच नाही म्हणे’ म्हणून औषध बंद करून दुसरीकडे वळतात. ‘रेमिशन’चंही तसंच. आजार दिसेनासा झाला आहे, याचा अर्थ तो मुळापासून गेला असा होत नाही, म्हणून तपासण्या चालू ठेवायच्या असतात. ‘रेमिशन’ ऐकून ज्यांनी पेढे वाटले त्यांनाच पुढे ‘रिलॅप्स’ हा शब्द ऐकावा लागला, तर त्यांना वाटतं, आधी कोणीतरी खोटं बोललं. खोटं कोणी बोललेलं नसतं. नीट कोणी सांगितलेलं नसतं.

आता भीतीचा शब्द. मराठीत ‘हार्ट फेल झालं’ याचा अर्थ एकच होतो : माणूस गेला. ‘अण्णा हार्टफेलनं गेले’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आणि मग एक दिवस डॉक्टर जिवंत, बोलत्याचालत्या माणसाच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहितात. त्या माणसाला किंवा त्याच्या बायकोला काय वाटत असेल? वैद्यकीय अर्थानं हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला लागेल तेवढं रक्त ते नीट पुढे ढकलू शकत नसतं, म्हणून पायांवर सूज येते, आडवं झालं की दम लागतो. हा हार्ट अटॅकही नव्हे आणि अचानक हृदय बंद पडणंही नव्हे. आज त्यावर आयुष्य वाढवणारी औषधं आहेत आणि ती नियमित घेऊन, मीठ सांभाळून लोक वर्षानुवर्षं कामधंदा करतात. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनाही हा शब्द खुपतो. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो बदलावा, ‘फेल्युअर’ऐवजी ‘इम्पेअरमेंट’ म्हणजे दुबळेपणा अशा अर्थाचं काही म्हणावं, असा लेख आला होता. शब्द काही बदलला नाही.

त्याच कागदावर खाली एक आकडा असतो, ‘ईएफ’. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर टाकलं जातं, त्याचं हे प्रमाण. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं, शंभर कोणाचंच नसतं. पण आपल्याकडे टक्के म्हटलं की मार्क. साठ टक्के आलेला ठणठणीत माणूस ‘चाळीस टक्के हार्ट गेलं’ म्हणून अंथरूण धरतो. आणि पस्तीस आलेला? पस्तीसला आपल्याकडे पास करतात! चाळीस किंवा त्याखालचा आकडा म्हणजे पंपाची ताकद कमी झालेली, औषधं एक दिवसही न चुकवण्याची वेळ. फेल शब्दानं घाबरवायचं आणि पस्तीसच्या आकड्यानं निवांत करायचं, असा दुहेरी गोंधळ एकाच कागदावर.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत जास्त बोचतो, तो म्हणजे दोष देणारे शब्द. क्षयरोगाची औषधं मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षं सरकारी रजिस्टरात ‘डिफॉल्टर’ म्हटलं गेलं. बँकेत हा शब्द कर्जबुडव्यासाठी वापरतात. क्षयाचा संशय असलेला माणूस ‘टीबी सस्पेक्ट’, म्हणजे पोलिसांच्या भाषेत संशयित. आणि औषध लागू पडलं नाही, तर ‘पेशंट फेल्ड ट्रीटमेंट’. वाक्याचा कर्ता कोण, पाहा. नापास झाला तो रुग्ण.

आता नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. बीडचं ऊसतोड जोडपं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघतं ते पुढचे पाच-सहा महिने साखर कारखान्यांच्या पट्ट्यात फिरत असतं. उपचाराचा काळ आणि गळीत हंगाम जवळजवळ सारखाच लांब. गावच्या केंद्रात सुरू झालेली गोळी फडावर कोण पोहोचवणार, हा प्रश्न व्यवस्थेचा आहे. पण रजिस्टरात नाव लागणार त्या माणसाचं, आणि नावापुढे ‘डिफॉल्टर’. परत आला तर आधी बोलणी खाणार. मग तो परत येतच नाही. औषध अर्धवट राहिलं की जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते, आणि तेच जंतू तो खोकल्यातून घरच्यांना देऊ शकतो. एका शब्दाची किंमत इथवर जाते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या व्याख्या सुधारल्या, तेव्हा ‘डिफॉल्टर’ काढून ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ असा शब्द घेतला. सलग दोन महिने किंवा त्याहून जास्त उपचार खंडित झालेला रुग्ण, असा त्याचा अर्थ. ‘सस्पेक्ट’ही काढला. बदल लहान दिसतो, पण वाक्याचा रोख बदलतो. ‘त्यानं बुडवलं’ याऐवजी ‘त्याच्याशी आपला संपर्क तुटला’. तुटलेला संपर्क जोडायची जबाबदारी दोन्ही बाजूंची असते. तरीही आमच्या बोलण्यातून ‘डिफॉल्टर’ अजून गेलेला नाही.

कॅन्सरमध्येही हेच घडलं. १९३८ मध्ये पॅक आणि गॅलो या दोन अमेरिकी डॉक्टरांनी उपचारातल्या उशिरावर एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता तो उशिराच्या दोषाचा. तिथून ‘पेशंट डिले’ आणि ‘डॉक्टर डिले’ असे दोन खण पडले. २०१२ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संशोधकांच्या निवेदनात या ‘डिले’ऐवजी ‘इंटरव्हल’, म्हणजे मधला काळ, अशी मांडणी केली गेली. लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंतचा काळ, तिथून निदानापर्यंतचा, निदानापासून उपचारापर्यंतचा. दोष न देता फक्त मोजायचं. मोजलं की कुठे अडतं ते दिसतं.

म्हणजे ‘डिले’ हा शब्दच टाकाऊ आहे का? नाही. तो चांगला वापरल्याचं एक उदाहरण आहे. बाळंतपणात बायका का दगावतात याचा विचार करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवायला, दुसरा तिथे पोहोचायला, तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला. आज आपल्याकडेही मातामृत्यूची चौकशी करताना हे तीन प्रश्न विचारले जातात. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पाड्यावरून निघालेली बाई घरच्यांच्या परवानगीसाठी अडली, की पावसात वाहून गेलेल्या रस्त्यावर, की रुग्णालयात रक्ताची पिशवी नव्हती म्हणून? प्रत्येकावरचा उपाय वेगळा. इथे ‘डिले’ हा शब्द कुठे, किती आणि कोणी काय करायचं हे सांगतो. मी त्या आईला सांगितलेल्या ‘डिले’मध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता एक कबुली. आम्ही इंग्रजी वापरतो ते केवळ शिक्षण इंग्रजीत झालं म्हणून नव्हे. ते एक कारण आहेच, आणि ओपीडीतल्या रांगेचा रेटा हे दुसरं. पण तिसरं कारण आम्ही क्वचित बोलतो : इंग्रजी शब्दाआड लपता येतं. ‘रिकरन्स आहे’ म्हटलं की आपण सांगितल्यासारखं होतं आणि समोरचा रडत नाही, कारण त्याला कळलेलंच नसतं. ‘कॅन्सर परत आलाय’ म्हटलं की खोलीतली हवा बदलते. मग पाणी द्यावं लागतं, थांबावं लागतं, ‘आता पुढे काय’ याचं उत्तर द्यावं लागतं. इंग्रजी शब्द डॉक्टरांची सोय बघतो. कधीकधी नातेवाईकांचीही. ‘बाबांना सांगू नका, त्यांच्यासमोर इंग्रजीत बोला’ असं मला कितीतरी मुलांनी सांगितलं आहे. बाबा मात्र सगळ्यांचे चेहरे वाचत बसलेले असतात.

मग मराठी प्रतिशब्द बनवायचे का? ‘पुनरुद्भव’, ‘विकासात्मक विलंब’? परिभाषा कोशात ते असू द्यावेत. पण खाटेवरच्या माणसाला ते इंग्रजीइतकेच परके. त्याची गरजही नाही, कारण आपल्या घरातली भाषा याबाबतीत मुळीच गरीब नाही. आजी म्हणायची, दुखणं उलटलं. रिलॅप्सला याहून नेमका शब्द कुठला? आजार बळावला, म्हणजे प्रोग्रेशन. जुन्या आजारानं पुन्हा उचल खाल्ली. जखम चिघळली. तापाला उतार पडला. आणि ‘औषध लागू पडलं नाही’, ‘गुण आला नाही’ यांत कर्ता कोण, पाहा. औषध, गुण. रुग्ण नापास होत नाही. जे इंग्रजीला समित्या बसवून दुरुस्त करावं लागलं ते मराठी वाक्यात आधीपासूनच सरळ आहे.

अर्थात मराठी तेवढी सोज्वळ, असंही नाही. ‘फार उशीर केलात’ हे आमच्या खोलीत बोललं जाणारं सर्वांत क्रूर वाक्य मराठीच आहे. ते ऐकणारा मुलगा किंवा बायको ते जन्मभर वागवते. त्यानं रुग्णाचा एक दिवसही परत येत नाही. ‘केस हाताबाहेर गेली’ हेही तसंच. आणि इंग्रजी शब्द पूर्ण टाळावा असंही मी म्हणणार नाही. कागदावर तो हवाच. उद्या तुम्ही दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तोच शब्द कामाला येतो. ज्यांना स्वतः शोधून वाचायचं असतं त्यांनाही तो उपयोगी पडतो. माझं म्हणणं एवढंच की तो कागदावरचा शब्द आहे, बोलण्यात त्याच्यामागे निदान तीन मराठी वाक्यं आलीच पाहिजेत. काय झालंय. ते आपोआप सुधारणारं आहे की काही करावं लागेल. आणि आता कोणी, कुठे, कधी जायचं. याला दोन मिनिटं लागतात. ती वाचवली की पुढे वर्ष जातं, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टर सांगत नसतील तर तुम्ही विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘डिले’ म्हणाले तर विचारा : वाट बघायची की काही सुरू करायचं? किती दिवस वाट बघायची, आणि तोवर काय दिसलं तर लगेच यायचं? ‘प्रोग्रेस’, ‘स्टेबल’, ‘रिस्पॉन्स’ यातलं काही ऐकलं तर विचारा : आजार वाढला, तेवढाच आहे, की कमी झाला? ‘फेल्युअर’ म्हणाले तर विचारा : बंद पडलंय की दुबळं झालंय, आणि घरी आम्ही कशावर लक्ष ठेवायचं? हृदयाच्या रुग्णांना याचं उत्तर बहुधा असं मिळेल : रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर कळवा. इतकी साधी सूचना त्या भयंकर शब्दाखाली दबून जाते. शेवटी, जे कळलं ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून दाखवा. ‘म्हणजे आम्ही आता असं असं करायचं, बरोबर?’ त्या आईला मी त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलू दिलं असतं, तर तिथल्या तिथे माझी चूक मला कळली असती. आणि औषधं कधी मध्येच सुटली, तर लाजून घरी बसू नका. परत या. कोणी ‘डिफॉल्टर’ म्हणालं तरी या.

ते मूल आता पाच वर्षांचं आहे. पायात पट्टी घालून चालतं, पायऱ्या कठडा धरून चढतं. उजव्या हातानं वाटी धरता येते, बटण लावता येत नाही. सोळा महिने आधी सुरुवात झाली असती तर किती फरक पडला असता, हे कोणीच नक्की सांगू शकत नाही. काहीच पडला नसता, असं मात्र मला म्हणता येत नाही. त्याची आई मला कधी टोचून बोलली नाही. गेल्या महिन्यात ती आपल्या जावेच्या नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अजून बसत नव्हती. मी तपासून कागदावर लिहायला लागलो, तशी ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, आधी मराठीत सांगा, मग लिहा.’’ मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं : ‘‘हिला बसायला उशीर होतोय. आपोआप बसेल म्हणून थांबायचं नाही. सोमवारी सकाळी तिकडे दाखवायचं, आणि ते काय म्हणाले ते बुधवारी मला फोन करून सांगायचं.’’

बुधवारी दुपारी फोन आला.